शिट्टी झालीच नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हे पत्र लिहायला दोन कारणं झाली. पहिलं माझं आहे, दुसरं आमच्या ह्यांचं. ह्यांचं म्हणणं असं की, दुसरंच खरं महत्त्वाचं आहे, ते आधी लिही. पण पेन माझ्या हातात असल्यामुळे ते शेवटी येईल.

काही दिवसांपूर्वी आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका गृहस्थांचं पत्र होतं. निवृत्त नवरा-बायकोनं या गावात शनिवार-रविवारी करायचं काय, असा त्यांचा सवाल होता. देऊळ, दवाखाना आणि नातवंडांची ने-आण यापलीकडे कोल्हापुरात काही नाही, पुण्याला कसं सगळं असतं, वगैरे. ह्यांना ऐकू कमी येतं म्हणून मी पेपर मोठ्यानं वाचून दाखवते. त्यामुळे ते पत्र शेजारच्या वहिनींनीही ऐकलं आणि त्या गॅलरीतून "खरं आहे हो" म्हणाल्या. मला मात्र ते पटलं नाही. वाद घालायची माझी इच्छा नाही. फेब्रुवारीतल्या एका शनिवार-रविवारी आम्ही दोघांनी काय केलं, तेवढं सांगते. त्या गृहस्थांना पटलं तर पटलं.

आधी आमची ओळख. मी सत्तावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. मुलींची लेझीमही माझ्याकडे असायची, कारण पीटीचे सर एकच होते आणि ते कबड्डीत अडकलेले असायचे. हे उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत एकतीस वर्षं होते, त्यातली एकोणीस फेटलिंगला. फेटलिंग म्हणजे साच्यातून निघालेल्या कास्टिंगला चिकटलेलं जादाचं लोखंड ग्राइंडरनं घासून काढायचं. दिवसभर तोच किर्र आवाज, आणि कानात कापसाचे बोळे. निवृत्तीनंतर कान तपासले तेव्हा डॉक्टरांनी आलेख दाखवला. रेघ बऱ्यापैकी सपाट चालत आली होती आणि ४००० च्या आकड्यापाशी फोंडा घाट उतरावा तशी खाली कोसळली होती. यंत्रांच्या आवाजात आयुष्य काढलेल्या माणसाचा कान नेमका तिथेच जातो म्हणे. खालच्या पट्टीतले आवाज ऐकू येतात, वरचे जातात. माझा आवाज वरच्या पट्टीतला आहे, त्यामुळे छत्तीस वर्षांच्या संसारात ह्यांना मी नक्की किती ऐकू आले, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला. कानात घालायचं मशीन आणलं आहे. ते कपाटात स्टीलच्या डबीत असतं. ते घातलं की त्याचीच शिट्टी वाजते, असं ह्यांचं म्हणणं.

निवृत्तीनंतर पहिलं दीड वर्ष आम्ही एका घरात दोन भाडेकरूंसारखे राहिलो. मी सकाळी दुर्बीण घेऊन रंकाळ्यावर जायची. हे दुपारी शाहू स्टेडियमला सामना बघायला जायचे. मंगळवार पेठेत जन्मलेल्या माणसाला फुटबॉल शिकवावा लागत नाही. आमच्याकडे तालमीत कुस्ती खेळायची आणि तालमीच्याच नावानं फुटबॉलची टीम काढायची, ही रीतच आहे. खासबागेचं कुस्तीचं मैदान १९१२ चं आणि इथला फुटबॉल चालवणारी केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, १९४० ची, म्हणजे या गावानं लाल माती आणि चेंडू दोन्ही पिढ्यान् पिढ्या एकाच घरात नांदवले आहेत. बाहेरगावची माणसं विश्वचषकाच्या वेळी आमच्या गल्ल्यांतले ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे आणि पुतळ्याएवढे कटआउट बघून हसतात. हसू देत. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात आपला अनिकेत जाधव भारताकडून उतरला, तेव्हा ह्यांनी टीव्हीसमोर पेढ्यांचा पुडा आणून ठेवला होता. भारत तिन्ही सामने हरला. पेढे तरीही वाटले.

तर असे हे, मध्येच मैदानावर जायचे बंद झाले. कारण विचारलं तर "कंटाळा आला" म्हणायचे. चार-पाच महिन्यांनी एकदा जेवताना सहज बोलून गेले. शेजारी बसणारा त्यांचा दोस्त मुलाकडे पुण्याला राहायला गेला होता. हा दोस्त त्यांना शिट्टी सांगायचा. पंचांची शिट्टी नेमकी त्या फोंडा घाटात येते. "गोल झाला म्हणून मी एकटाच उठतोय, हात वर करतोय, आणि पंचानं कवाच शिट्टी मारल्याली असत्या. पोरं हसत्यात गं." एवढं बोलून त्यांनी आमटी वाढून घेतली.

मग आमचा करार झाला. मी मैदानावर येऊन शिट्टी सांगायची आणि ह्यांनी सकाळी माझ्याबरोबर पक्षी बघायला यायचं. नाचाचं कलम करारात नव्हतं. ते आपोआप घुसलं.

आता तो शनिवार. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातल्या पक्ष्यांची मोजणी होते. १९९८ साली अमेरिकेत सुरू झाली, आपल्या देशात २०१३ पासून होते. नियम सोपा आहे. कुठेही, निदान पंधरा मिनिटं उभं राहायचं, जे दिसेल-ऐकू येईल ते मोजायचं आणि यादी फोनवरून पाठवायची. फोनवरचं काम मला माझ्याच एका विद्यार्थिनीनं शिकवलं. दहावीला तिला विज्ञानात मी काठावर पास केलं होतं, त्याचा तिनं शिकवताना एकदाही उल्लेख केला नाही.

साडेसहाला आम्ही रंकाळ्याच्या शहराकडच्या काठावर उभे होतो. नव्यानं पक्षी बघणाऱ्यांना एक सांगते. सकाळी पूर्वेकडच्या काठावर थांबावं आणि ऊन पाठीवर घेऊन पश्चिमेला बघावं. पक्षी उजळून निघतात, शालिनी पॅलेस फुकटात दिसतो. उलट्या बाजूनं बघितलं तर सगळे पक्षी कावळे होतात.

ह्यांच्याकडून मला फारशी आशा नव्हती. पण फेटलिंगच्या माणसाची नजर काय असते ते मला त्या दिवशी समजलं. केसाएवढी कड राहिली तर कास्टिंग परत येतं, अशा कामात ती नजर तयार झालेली. मी दुर्बीण डोळ्याला लावून फिरवत बसायची आणि हे नुसत्या डोळ्यांनी म्हणायचे, "त्या खांबाच्या डाव्या अंगाला मातीचं ढेकूळ हाय न्हवं, ते हललं." ते ढेकूळ म्हणजे वंचक. बसला की चिखलाच्या रंगाचा, दिसतच नाही, आणि उडाला की पांढराशुभ्र. "च्यायला, कोट उलटा घातला काय ह्यानं?" हे म्हणाले. मराठीत त्याला वंचक नाव कुणी दिलं माहीत नाही, पण देणाऱ्यानं तो उडताना पाहिलेला असणार.

आपल्या पक्ष्यांची मराठी नावं हा माझा जुना आवडता विषय. पाण्यावर काळ्या पक्ष्यांचा एक थवा होता, कपाळावर पांढरा टिळा. ते वारकरी. ह्यांनी मोजले, "पंचेचाळीस वारकरी, आणि टाळ एकाकडंबी न्हाई." पलीकडे चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी तांबडा ठिपका असलेली बदकं होती. त्यांचं नाव हळदी-कुंकू. संध्याकाळी पुतणीच्या हळदीला जायचंच होतं, म्हणून हे म्हणाले, ह्यांना पण आवतण दे. मग टिबुकल्या, शेकाट्या, पाणकावळे, शेपटी वरखाली करत धावणारा धोबी. केंदाळावर, म्हणजे जलपर्णीवर, कमळपक्षी चालत होता. केंदाळ तलावाचा गळा घोटतं हे मी शाळेत घसा कोरडा करून शिकवलं, आणि लांबच लांब बोटांनी त्याच केंदाळावर तोल सावरत चालणारा हा पक्षी दिसला की माझाच धडा मला गैरसोयीचा होतो. त्याचं आणखी एक. अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं हे सगळं नराकडे. मादी अंडी घालते आणि दुसरीकडे नवा संसार मांडायला मोकळी. हे मी ह्यांना सांगितलं तेव्हा मात्र ह्यांना स्पष्ट ऐकू आलं नाही.

फिरायला येणाऱ्यांपैकी एकानं थांबून विचारलं, "काकू, काय हरवलंय का पाण्यात?" मी त्याला दुर्बीण दिली. तो पाच मिनिटं बघत राहिला, मग घड्याळ बघून पळत गेला. त्याची पावलं त्या दिवशी कमी भरली असणार.

माझ्या यादीतले निम्मे पक्षी मी कानानं ओळखते. झुडपातला शिंपी, वटवट्या, फुलांभोवतीचा शिंजीर. हे सगळे वरच्या पट्टीतले. ह्यांना त्यातलं काहीच नाही. मी "तो बघा बोलतोय" म्हणायची आणि हे नुसते मान हलवायचे. मला वाईट वाटायला लागलं होतं. आठ वाजून गेले, ऊन चढलं, आणि आम्ही पद्माराजे उद्यानात झाडाखाली बसलो होतो, तेव्हा हे एकदम हात वर करून म्हणाले, "थांब. बोलू नको."

वर तांबट सुरू झाला होता. टुक, टुक, टुक, टुक. चिमणीएवढा हिरवा पक्षी, कपाळ आणि छातीवर तांबडा पट्टा. ओरडताना चोच मिटलेली असते, नुसता गळा फुगतो. आवाज खालच्या पट्टीतला आणि एकाच चालीचा. हे सगळं मी वर्गात शेकडो वेळा सांगितलं असेल. ह्यांना मी त्यातलं काही सांगितलं नाही. हे ऐकत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "पितळंवर मारतोय. लोखंडाचा आवाज असा नस्तोय." तांबट हे नाव त्याला का पडलं, हे सांगायला माझ्याकडे काही उरलंच नाही.

यादीत चौतीस जाती झाल्या. त्यातल्या अकरा आधी ह्यांना दिसल्या. हा आकडा ह्यांच्या आग्रहामुळे छापायला देत आहे. येताना गंगावेशीत दूध कट्ट्यावर उभ्या उभ्या म्हशीचं ताजं दूध प्यायलो. फेस ह्यांच्या मिशीला लागला होता तो मी सांगितला नाही, घरी येईपर्यंत तसाच होता.

संध्याकाळी हळद. आमच्या पुतणीनं घरात आधीच बजावलं होतं की साउंड लावायचा नाही. तिच्या आईला, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंना, त्या स्पीकरच्या भिंतींचा त्रास होतो. मागच्या एका मिरवणुकीत त्यांच्या छातीत धडधडायला लागून त्यांना आतल्या खोलीत नेऊन झोपवावं लागलं होतं. कायद्यानं राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ एवढीच मर्यादा आहे. आमच्याकडे मिक्सर लावला तरी ती ओलांडली जाईल. पोरांनी जरा तोंडं पाडली. मग पुतणीनंच हलगी-घुमकं सांगितलं.

मांडवाच्या कोपऱ्यात वाजवणाऱ्यांनी कागदं पेटवून हलगी शेकली. कातडं तापून ताणलं गेलं की आवाज चढतो. मग एकानं हलगीवर पहिली थाप टाकली, मागून घुमकं आलं, वर कैताळ. मांडवातली लहान पोरं आधी नाचली, मग नवरीच्या मैत्रिणी, मग तालमीची पोरं. मी खुर्चीत बसून जाऊबाईंशी मुंडावळ्यांचं बोलत होते. सहज बघितलं तर आमचे हे मधोमध.

मिरवणुकीत ह्यांना नाचताना मी बघितलेलं नव्हतं असं नाही. पण ते लांबून, गॅलरीतून, शेकडो डोक्यांतलं एक डोकं. इथे ते पाच फुटांवर होते. डोळे मिटलेले, खांदे हलतायत, पाय अगदी चोख तालावर. कैताळाची किणकिण ह्यांना ऐकू येत नसणार. पण घुमकं जमिनीतून येत होतं. मागाहून विचारलं तर म्हणाले, "कानानं न्हाई, गुडघ्यानं ऐकू येतंय."

गुडघ्यांचं म्हणाल तर माझा उजवा गेलेला आहे. म्हणून मी उठणार नव्हते. पण कुणीतरी तालमीतून लेझमा आणल्या आणि माझ्या जुन्या दोन विद्यार्थिनी, आता त्यांची पोरं दहावीला आहेत, ओरडल्या, "बाई, चार आवाज!" सत्तावीस वर्षं मी शिट्टी तोंडात धरून मुलींना लेझीम शिकवली. चार आवाज, एक जागा, पवित्रा. दर पंधरा ऑगस्टला, दर सव्वीस जानेवारीला. स्वतः नाचले कधी? बाजूला उभी राहून हातानं मोजत होते. बाईंनी नाचायचं नसतं, असं कुणी सांगितलेलं नव्हतं, पण विचारायचंही कधी सुचलं नाही.

उठले. बैठका वगळल्या. बाकी सगळं जमलं. मध्येच ह्यांचं लक्ष गेलं आणि हे माझ्यासमोर येऊन त्यांच्या पद्धतीनं नाचायला लागले. माझी लेझीम शिस्तीची, ह्यांचं मिरवणुकीचं. दोन्ही एकमेकांत बसत नव्हतं. मांडवातल्या सगळ्यांनी मोबाइल काढले. ते व्हिडिओ आता नागपूरपर्यंत गेले आहेत, कारण तिथून माझ्या भावाचा फोन आला, "ताई, तू?" एवढंच तो विचारत होता.

दहाच्या आधी हलगी थांबली. रात्री गुडघ्याला तेल ह्यांनी लावून दिलं. ते पूर्वीही लावून द्यायचे, उगाच खोटं कशाला लिहू.

रविवारी दुपारी मैदान. छत्तीस वर्षं मी त्या मैदानाच्या हाकेच्या अंतरावर राहते आणि एकदाही आत गेले नव्हते. स्वयंपाकघरात भाकरी थापताना मला निकाल कळायचा. गर्जना एका बाजूनं आली की आपला गोल, दुसऱ्या बाजूनं आली की त्यांचा, फटाके वाजले की संपलं. पण आतून ते कसं असतं, याची कल्पना नव्हती. सामना कोणत्या दोन तालमींचा होता, हे मी लिहिणार नाही. लिहिलं तर निम्मी पेठ माझ्याशी बोलायची बंद होईल आणि उरलेली निम्मी रोज बोलायला येईल.

बायका फार नव्हत्या. पंधरा-वीस मोजल्या, सवय लागली होती मोजायची. मी जाऊन बसले तशी पुढच्या ओळीतली पोरं एकदम सभ्य झाली. त्यातल्या एकाच्या तोंडातून शिवी निम्मी बाहेर आली होती, ती त्यानं माझ्याकडे बघून तशीच गिळली. उत्तरार्धात मात्र सगळ्यांना माझा विसर पडला आणि माझ्या शब्दसंग्रहात भर पडली.

माझं काम शिट्टीचं. पंचांनी वाजवली की कोपरानं ढोसायचं. एकदा ढोसलं म्हणजे फाउल, दोनदा म्हणजे ऑफसाइड, असं आम्ही ठरवलं होतं. पण ऑफसाइड म्हणजे काय हे मला ओळखता आलं पाहिजे ना! ह्यांनी शेंगदाण्यांनी समजावलं. बाकावर एक दाणा गोलकीपर, एक शेवटचा बचाववाला, एक आपला. चेंडू मागून निघतो त्या क्षणी आपला दाणा त्या शेवटच्या दाण्याच्या पुढे असेल तर ऑफसाइड. मी सत्तावीस वर्षं प्रात्यक्षिकं घेतली, इतकं स्वच्छ प्रात्यक्षिक मी कधी घेतलेलं नाही. शेवटी सगळे दाणे खाऊन टाकले.

पहिला गोल मी पाहिला नाही. हे मी प्रामाणिकपणे कबूल करते. पूर्वार्ध संपत आला होता आणि मैदानावरून गायबगळ्यांची एक रांग रंकाळ्याच्या दिशेनं निघाली होती, मागून दुसरी, मग तिसरी. मी मान वर करून मोजत होते. सत्तावीस झाले आणि मैदान फुटलं. हे उभे राहून माझ्याकडे बघून काहीतरी ओरडत होते, मीही उभी राहून "सत्तावीस" म्हणाले. त्या गोंधळात दोघांनाही एकमेकांचं काही कळलं नाही आणि दोघंही खूश होतो. हा गोल त्यांचा होता, आपला नव्हे, हे मला मध्यंतरात कळलं. ह्यांच्या चेहऱ्यावर तो आनंद नव्हता, संताप होता.

आणखी एक, जे त्या पत्रलेखक गृहस्थांना मुद्दाम सांगावंसं वाटतं. मैदानावर ह्यांना ओळखणारी निदान चाळीस माणसं निघाली. "काका, इतके दिवस कुठं?" "काका, तब्येत बरी न्हवती काय?" घरात ह्यांना भेटायला महिन्याला एखादा माणूस येतो. कान गेल्याचं ह्यांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशीही सांगितलं नाही. मी शेजारी कोपर सरसावून बसले होते, त्यावरून कुणी काही ओळखलं असेल तर असेल.

सगळ्यांची मिळून किंमत सांगायची तर दोन तिकिटं, शेंगदाणे, दोन पेले दूध आणि गाडीचं पेट्रोल. हळदीचा आहेर वेगळा. पुण्याला एका नाटकाला जाऊन येण्यात याच्या कितीतरी पट जातील, आणि वर खेड-शिवापूरचा टोल.

आपल्या दैनिकाला माझी एक विनंती आहे. रोज पान चारवर 'आज शहरात' अशी चौकट असते. त्यात कीर्तन, प्रवचन, आरोग्य शिबिर, सत्कार. सामना कुठे, किती वाजता, हे खेळाच्या पानावर असतं. पक्षी निरीक्षणाची फेरी असली तर ती दुसऱ्या दिवशी फोटोसकट बातमी म्हणून येते, म्हणजे जायची वेळ निघून गेल्यावर. ५ ते १२ नोव्हेंबरला आपल्याकडे पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. निदान त्या आठवड्यात तरी कोण, कुठे, किती वाजता जमणार ते आदल्या दिवशी छापा. सामन्याची वेळही त्याच चौकटीत घ्या. खेळाचं पान बायका उलटत नाहीत असा तुमचा समज असेल तर तो, निदान आमच्या घरापुरता, तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत बरोबर होता.

आता दुसरं कारण. हे मागे उभे राहून बघतायत, म्हणून शब्द जपून लिहिते.

सोमवारच्या अंकात आपल्या प्रतिनिधीनं असं लिहिलं की, उत्तरार्धातला बरोबरीचा गोल फ्री किकवर झाला, तो 'ऑफसाइडच्या वादात सापडला' आणि 'शिट्टी वाजूनही' तो दिला गेला. हे तीनही चूक आहे. तो चेंडू फ्री किकचा नव्हता. आमच्या समोरच्याच बाजूनं थ्रो-इन झाला. पोरानं दोन पावलं मागे जाऊन लांब फेकला, तो थेट आपल्या पुढच्या खेळाडूच्या छातीवर आला, त्यानं वळून मारला. थ्रो-इनवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नसतो. कॉर्नरलाही नसतो, गोल किकलाही नसतो. मला हे रविवारी दुपारपर्यंत माहीत नव्हतं, पण मी खेळाची बातमी लिहीत नाही.

तो खेळाडू त्या वेळी दोन दाण्यांच्याही पुढे उभा होता, हे मान्य. म्हणून पलीकडच्या बाजूनं आरडाओरडा झाला. पण ह्यांची नजर लाइन्समनवर होती. शिट्टी ऐकू येत नसल्यामुळे गेली कित्येक वर्षं हे झेंड्यावरच नजर ठेवून आहेत. झेंडा खालीच होता. आणि शिट्टीचं म्हणाल, तर ती ऐकायलाच मी तिथे बसले होते. बगळे तोवर संपले होते, मी चेंडूकडेच बघत होते. शिट्टी वाजली ती गोल झाल्यावर, मधल्या वर्तुळाकडे बोट दाखवून. मी कोपर मारलंच नव्हतं, त्यामुळे हे बिनधास्त उभे राहिले, दोन्ही हात वर करून, आणि त्या वेळी सगळी ओळ त्यांच्याबरोबर उभी होती.

तरी दुरुस्ती छापावी. पहिल्या पानावर नको, खेळाच्या पानावर चालेल. आता ते मीही उघडते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता. क. हे म्हणतात, वारकरी पंचेचाळीस नव्हे, सत्तेचाळीस होते. दोन बुडी मारून होते म्हणे. यादी पाठवून झाली आहे, आता ती मी बदलणार नाही.